आधी खिडकी उघडा, मग गीझर निवडा

वाचकाचं पत्र

घराची मोठी दुरुस्ती काढली आहे. फरशी उखडली आहे, भिंती फोडल्या आहेत, त्यामुळे पाइप आणि वायरिंग सगळंच नव्यानं होणार. घरात आम्ही सहा जण, बाथरूम दोन, स्वयंपाकघर पार दुसऱ्या टोकाला. थंडीचे चार महिने कडक असतात. पहाटे पारा शून्याजवळ जातो. सध्या एका बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे, त्यावरच दोन्हीकडचं भागवतो. एकीकडे शॉवर चालू असताना दुसरीकडे नळ सोडला की पहिल्याच्या अंगावर गार पाणी. हल्ली अंघोळ करून आलं की डोकंही जड होतं. थंडीमुळे खिडकी बंद असते, वाफेनं होत असेल. नवऱ्याला छतावर सोलर हवा आहे, मुलगा हीट पंपाशिवाय दुसरं बोलत नाही, सासरे म्हणतात मोठी टाकी बसवा नि विसरा. दुकानदार म्हणतो एकच बॉयलर घ्या, पाणीही तापेल आणि खोल्याही. कोणाचं ऐकू? आणि गीझर दिवसभर चालू ठेवला तर वीज कमी लागते, हे खरं आहे का?

उत्तर

ताई, कोणाचं ऐकायचं ते नंतर पाहू. आधी ती खिडकी उघडा, आणि तो गीझर आजपासून बंद करा.

तुम्ही जाता जाता लिहिलेलं ते डोकं जड होणं मला वाफेचं वाटत नाही. गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममध्ये गीझर तुमच्याच वाट्याची हवा वापरतो, आणि ती कमी पडली की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी शरीराला ऑक्सिजन कमी पडू लागतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, पायातलं त्राण जाणं, आणि मोकळ्या हवेत आलं की हळूहळू बरं वाटणं, ही त्याची खूण. याच्या पुढची पायरी बेशुद्धी असते. तोवर दाराची कडी काढायचंही सुचत नाही. घरात ज्यांना ज्यांना हा त्रास झाला असेल त्यांनी डॉक्टरांना भेटावं आणि 'बंद बाथरूममध्ये गॅसचा गीझर होता' हे आवर्जून सांगावं. नुसतं डोकं दुखतं म्हटलं तर गोळी घेऊन घरी याल.

गॅसवर पाणी तापवणं मुळात वाईट आहे असं नाही. जळण्यासाठीची हवा नळीनं बाहेरून घेणारे आणि धूर नळीनं बाहेरच सोडणारे बंदिस्त गीझर मिळतात. ते घरातल्या हवेला हात लावत नाहीत. घरात गॅसवर चालणारं काहीही ठेवणार असाल तर तसंच घ्या, वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धूर ओळखणारा अलार्म वेगळा, त्याला हा वायू कळत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. गीझर दिवसभर चालू ठेवून वीज वाचत नाही. गरम टाकीतून उष्णता सतत बाहेर झिरपत असते, आणि पाणी जितकं गरम तितकी ती जास्त झिरपते. टाकी बंद ठेवली की पाणी निवत जातं आणि झिरपणंही मंदावतं. चालू ठेवली की दिवसभर पूर्ण वेगानं चालू राहतं. चांगलं अस्तर असलेल्या मोठ्या टाकीतूनसुद्धा दिवसाला एक-दोन युनिटं अशी जातात. 'थंड पाणी पहिल्यापासून तापवायला जास्त वीज लागते' हे म्हणणारे मधल्या तासांचा हिशेबच धरत नाहीत. फक्त, जिथे ठरावीक वेळी वीज स्वस्त मिळते तिथे त्या वेळात टाकी तापवून ठेवावी. त्यानं पैसे वाचतात, वीज नाही.

तुमच्या मूळ गोंधळाचं कारण मला असं दिसतं की घरातले सगळे यंत्राचं नाव घेऊन भांडताहेत आणि पाण्याचा हिशेब कोणीच मांडलेला नाही. तो मांडायला पाच मिनिटं लागतात. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. पाणी विजेनं तापवा, गॅसनं तापवा, उन्हानं तापवा, हा आकडा बदलत नाही. कोणतीही कंपनी त्यातून सुटलेली नाही, जाहिरातीत काहीही छापो.

हा आकडा तुमच्या शॉवरला लावू. थंडीत नळाला १० अंशांचं पाणी येतं असं धरा आणि अंगावर ४० अंशांचं हवं. म्हणजे ३० अंशांची वाढ. साधा शॉवर मिनिटाला आठेक लिटर पाणी घेतो (तुमचा किती घेतो ते बादली लावून मिनिटभर मोजा, अंदाज करू नका). एवढं पाणी वाहता वाहता तापवायचं तर जवळजवळ १७ किलोवॅटची ताकद लागते. दोन शॉवर एकदम म्हणजे ३३-३४. तुमच्या गीझरची ताकद एका नळापुरती आहे, आणि दुसरा नळ सोडला की तीच ताकद दोघांत वाटली जाते. तुमच्या अंगावर येणारं गार पाणी हा बिघाड नव्हे, सरळ भागाकार आहे.

याच हिशेबानं ३ किलोवॅटचा विजेचा इन्स्टंट गीझर थंडीत मिनिटाला दीड लिटरही धड गरम पाणी देत नाही. हात धुवायला, भांडी विसळायला तो उत्तम. त्याच्यावर शॉवर चालवायचा म्हणजे अंगावर धार कमी आणि काटा जास्त. उन्हाळ्यात मात्र नळाचं पाणीच २५ अंशांचं असेल तर तेच यंत्र दुप्पट पाणी देतं. म्हणून खोक्यावर 'मिनिटाला इतके लिटर' लिहिलेलं असतं त्याच्या शेजारी 'किती अंश वाढीला' हे शोधा. ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा उन्हाळ्यातला समजा.

टाकीचं गणित वेगळं आहे. तिथे ताकद कमी चालते, कारण वेळ हाताशी असतो. अडचण फक्त साठ्याची. आणि या बाबतीत तुमच्या सासऱ्यांचं मत मला पटतं. दर माणशी ४० अंशांचं ५० लिटर पाणी धरा, सहा जणांचं ३०० लिटर झालं. पण टाकीत पाणी ६० अंशांचं असतं आणि त्यात गार पाणी मिसळून आपण वापरतो. १० अंशांच्या पाण्यात मिसळलं तर ३०० लिटर कोमट पाण्याला १८० लिटर कढत पाणी लागतं. म्हणजे २०० ते २५० लिटरची टाकी तुम्हाला पुरेल, सगळे एकामागून एक अंघोळीला गेले तरी. दोन्ही शॉवर एकदम चालले तरीही, कारण टाकीतून पाणी घेताना किलोवॅट आड येत नाहीत. नळाचा दाब आणि पाइपाची जाडी तेवढी बघायची.

पण 'बसवा नि विसरा' यातला विसरा मला मान्य नाही. टाकीतलं पाणी किती गरम ठेवायचं यावर लोक फार बेफिकीर असतात. वीज वाचवायला थर्मोस्टॅट ४५ वर आणून ठेवतात. लिजिओनेला नावाचा जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात मजेत वाढतो. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात गेला तर गंभीर न्यूमोनिया होतो, आणि म्हाताऱ्या माणसांना जास्त धोका असतो. ६० अंशांवर तो मरतो. म्हणून टाकी ६० वर ठेवायची. आता ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत भाजतं, लहान मुलांना त्याहूनही लवकर. तेव्हा टाकीतून निघालेल्या पाइपावर किंवा शॉवरपाशी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो गार पाणी आपोआप मिसळून ठरवलेल्या तापमानाचंच पाणी पुढे सोडतो. भिंती उघड्या आहेत तोवर हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

ही टाकी कशानं तापवायची, हा पुढचा प्रश्न.

साधी विजेची कॉइल लावली तर २०० लिटर पाणी १० वरून ६० वर न्यायला साडेअकरा युनिटं वीज लागते आणि ३ किलोवॅटच्या कॉइलला जवळजवळ चार तास. यात यंत्राचा दोष काही नाही; आत गेलेली सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर येते. याहून जास्त काढायचं तर उष्णता तयार करण्याऐवजी कुठून तरी आणावी लागते, आणि तुमच्या मुलाचा हीट पंप नेमकं तेच करतो. फ्रिज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून टाकीत टाकतो. कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८५२ सालीच अशा यंत्राची मांडणी केली होती. एक युनिट विजेवर तो साधारण तीन युनिटं उष्णता देतो. कडाक्याच्या थंडीत दोन-अडीच, उबदार हवेत तीनाच्या वर. थंडीतला आकडा धरला तरी साडेअकरा युनिटांचं काम पाच-सहात होतं.

मुलगा ज्या गोष्टी सांगत नसेल त्या मी सांगते. हीट पंप संथ असतो. टाकी भरून पाणी तापायला सहा-आठ तास सहज लागतात, म्हणून त्याच्यासोबत टाकी लहान घेऊन चालत नाही. तो घुरघुरतो, त्यामुळे झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकवू नका. थंड हवा फेकतो आणि त्यातून पाणी ठिबकतं, तेव्हा मोकळी जागा आणि निचरा हवा. घराच्या आत ठेवला तर थंडीत तो तुमच्याच खोलीची ऊब चोरेल. आणि तो पहाटे चालवण्यात शहाणपण नाही. दुपारी हवा सर्वांत उबदार असते तेव्हा टायमर लावून चालवा, टाकीतलं पाणी सकाळपर्यंत टिकतं. आणीबाणीसाठी आत एक कॉइल असलेला घ्या. पंप एकट्यानं ६० अंशांपर्यंत पोहोचत नसेल तर आठवड्यातून एकदा त्याच कॉइलनं पाणी तिथवर न्यायचं.

सोलरबद्दल तुमच्या घरात थोडी नाराजी ओढवेल. उन्हावर पाणी तापवण्यासारखं साधं आणि टिकाऊ दुसरं काही नाही. अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ सालीच असा हीटर पेटंट करून विकायला काढला होता. वर्षभर ऊन असेल तर मी पहिलं नाव त्याचंच घेतलं असतं. पण तुमची खरी गरज थंडीतली आहे, आणि थंडीत दिवस लहान, ऊन तिरपं, पाणी सर्वांत गार. म्हणजे मागणी वर जाते नेमका तेव्हाच पुरवठा खाली येतो. सलग ढगाळ दिवसांसाठी कॉइल लागतेच. पारा शून्याखाली गेला तर पट्ट्यांमधलं पाणी गोठून नळ्या फुटू शकतात, त्यासाठी गोठणरोधक द्रव फिरवणारी प्रणाली घ्यावी लागते. काचेच्या निर्वात नळ्यांचा सोलर थंडीत पत्र्याच्या सपाट पट्ट्यांपेक्षा उष्णता जास्त राखतो, तो निदान त्यातल्या त्यात बरा. छताचाही विचार हवा. २०० लिटर पाण्याचंच वजन २०० किलो, टाकी आणि सांगाडा वेगळा. तुमच्या नवऱ्यांना छत वापरायचंच असेल तर वीज तयार करणारे पॅनेल लावायला सांगा. ती वीज दुपारी हीट पंपाला मिळेल, आणि पंपाची वेळही दुपारचीच आहे.

दुकानदाराचा 'एकच बॉयलर' मात्र मी तुमच्या जागी घेणार नाही. बिनटाकीचा बॉयलर नळ सोडला की खोल्यांचं काम थांबवून पाण्याकडे वळतो; सहा जणांच्या सकाळी खोल्या निवत बसतील. २४ किलोवॅटचा घेतलात तर आपल्याच हिशेबानं मिनिटाला साडेअकरा लिटर पाणी. एक शॉवर झकास, दोन पुन्हा भांडणाचे. टाकीसह बॉयलर घेतला तर हे सुटतं, पण मग उन्हाळ्याचे आठ महिने फक्त अंघोळीसाठी ते मोठं धूड सांभाळायचं. बारा महिन्यांचं काम आणि चार महिन्यांचं काम एकाच यंत्राच्या गळ्यात बांधलं की एक बिघडलं तर दोन्ही बंद, आणि हे बिघडणं बहुधा थंडीतच होतं. जिथे वर्षातले सात-आठ महिने सगळ्या खोल्या तापवाव्या लागतात तिथे बॉयलर आणि रेडिएटरचं जाळं शोभतं. तिथेही परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली येईल असं जाळं आखावं लागतं. तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो. नाहीतर नाव कंडेन्सिंग आणि काम साध्याचं.

खोल्या तापवायच्या आधी खोल्यांतून ऊब जाते कुठून ते बघा. छत उघडं आहे का, खिडक्यांच्या चौकटीतून वारा शिरतो का, दाराखाली फट आहे का. या दुरुस्तीत छतावर इन्सुलेशन टाकून घ्या आणि फटी बुजवा. पण गॅसच्या उपकरणांसाठी ठेवलेले झरोके बुजवू नका. मग हीटर लहान आकाराचे पुरतील. तेलाचा हीटर, पंख्याचा हीटर, भिंतीवरचं पॅनेल यांत 'कमी वीज खाणारा' असं काही नसतं. एका युनिटाला सगळे तेवढीच उष्णता देतात. तेलाचा हळू तापून हळू निवतो, पंख्याचा झटकन. पॅनेल समोर बसलेल्या माणसाला थेट ऊब देतं. फरक एवढाच. रात्री झोपायच्या खोलीत तेलाचा बरा, लहान बाथरूममध्ये पाच मिनिटांसाठी भिंतीवर उंच लावलेलं पॅनेल बरं.

दोन-तीन खोल्याच वापरात असतील तर मी गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी घेईन. तोही हीट पंपच आहे, त्यामुळे त्याला साध्या हीटरपेक्षा निम्म्याहून कमी वीज पुरते, आणि उन्हाळ्यात तोच उपयोगी. घेताना तो किती खालच्या तापमानाला किती किलोवॅट उष्णता देतो ते बघा, नुसता टनांचा आकडा पाहू नका. फरशी उखडलेली आहेच, तर फरशीखालच्या पाइपांचा विचार मनात येणार. ती ऊब फार सुखद असते आणि तिला ३५-४० अंशांचं पाणी पुरतं, म्हणून हीट पंपाशी तिचं छान जमतं. पण ती तापायला कित्येक तास घेते. कोणी ना कोणी दिवसभर घरी असेल तर करा. सकाळी जाऊन रात्री परतणारं घर असेल तर नको.

थोडक्यात माझा कौल सासरे आणि मुलगा यांच्या बाजूनं: २०० ते २५० लिटरची टाकी, तिला हीट पंप, आणि खोल्यांची व्यवस्था वेगळी. टाकी दोन बाथरूमच्या शक्य तितकी जवळ. स्वयंपाकघर लांब आहे, तिथवर गरम पाइप ओढू नका. आतून १५ मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला जवळजवळ पावणेदोनशे मिलिलिटर पाणी राहतं; पंधरा मीटरमध्ये अडीच लिटरच्या वर. प्रत्येक वेळी ते गार पाणी सोडून द्यायचं आणि शेवटी गरम पाणी पाइपातच निवू द्यायचं. सिंकखाली १०-१५ लिटरचा छोटा गीझर लावलात की हे संपलं. जे गरम पाइप भिंतीत जातील त्यांना फोमचं वेष्टण घातल्याशिवाय गवंड्याला प्लॅस्टर करू देऊ नका.

प्लंबरशी बोलताना दोन गोष्टी ठणकावून सांगा. पाणी तापताना फुगतं. २०० लिटर पाणी गार ते ६० अंश होताना तीनेक लिटरनं वाढतं. त्या वाढीसाठी छोटी एक्स्पान्शन टाकी बसवा, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह तापवताना ठिबकत राहील. तो ठिबकतो म्हणून काही कारागीर त्याला बूच मारतात. तसं केलं तर टाकी फुटू शकते, हे त्यांना माहीत असूनही. त्याचा पाइप दिसेल असा निचऱ्यात सोडायला लावा. दुसरी गोष्ट मॅग्नेशियमच्या रॉडची. टाकीचा पत्रा गंजण्याऐवजी तो रॉड झिजतो, म्हणून दोन वर्षांनी उघडून बघायचा आणि संपला असेल तर बदलायचा; टाकी भिंतीला अशी चिकटवून बसवू नका की रॉड बाहेर काढायलाच जागा उरणार नाही. नळांवर पांढरे थर येत असतील तर पाण्यात क्षार जास्त आहेत, मग कॉइलही वर्षातून एकदा साफ करावी लागेल.

विजेच्या कामात टाकीला स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी, पक्कं अर्थिंग आणि विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा ब्रेकर हवाच. आणि भिंती बुजवण्याआधी सगळ्या पाइपांचे नि वायरींचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना लागतील.